आंबिया बहराआधीचा ताण

वऱ्हाडात वसंताची तयारी सुरू होते ती पाणी तोडण्यापासून. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत थंडीत झाडे ताणावर सोडतात, आणि अमरावतीत माझ्या घरामागच्या परसातल्या एकुलत्या संत्र्यालाही, शेजारच्या मोगऱ्यासकट, तेच व्रत घडते. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत हा उपवास दीड-दोन महिने चालतो, हलक्या मुरमाड रानात लवकर आटोपतो. पाने निस्तेज होतात, वळतात, काही गळतातही. मात्र नव्या पालवीवर खर्च व्हायचे सत्त्व फांद्यांत साठत जाते आणि पुढे आंबिया बहराच्या कळ्यांच्या रूपाने प्रकटते. हे सारे ठाऊक असूनही त्या म्लान झाडापाशी उभे राहताना मनात कालवाकालव होते, कारण पाणी घालण्यात जे सहज पुण्य आहे ते हात आखडण्यात नाही.

झाडाला दुखवून फुलवणे काव्यातही आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तला अशोक फुलत नाही, म्हणून त्याला सुंदर स्त्रीच्या पदाघाताचा दोहद हवा असतो. राणी धारिणीचा पाय दुखावलेला, म्हणून ते काम येते मालविकेकडे. आणि मालविका तर विदर्भाची राजकन्या! आमच्याकडच्या बागवानांनी हा योगायोग अभिमानाने मिरवायला हरकत नाही. पण तो पाय अळत्याने रंगवलेला, नूपुर घातलेला. झाडाला दुखवतानाही कवीला सौंदर्य सांभाळावे लागते. बागवानाचा आघात मुका असतो, आणि फार लांबतो.

तरी हे दुःख आपण होऊन पत्करलेले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटच्या बाजूला, विहिरीचे पाणीच खारे. तिथल्या अंगणात तुळस जगवणाऱ्या बाईला आमच्या या हौशी संयमाचे हसूच येईल.

संक्रांतीच्या आगेमागे आळी हलक्या हाताने चाळवून शेणखत घालायचे, मग ताण तोडणारे पहिले, आंबवणीचे बेताचे पाणी, त्यानंतर चिंबवणीचे. पण नेमके कोणत्या दिवशी? अकोल्यात 1969मध्ये उभ्या राहिलेल्या कृषी विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे, याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकरीपुत्राचे, नाव आहे. तिथले तज्ज्ञ जमिनीगणिक ताणाचा काळ सांगतात, शेवटचा निवाडा मात्र पानांकडे पाहूनच करावा लागतो. दुपारी माना टाकलेली पाने पहाटेपर्यंत सावरली तर धीर धरावा. पहाटेही सावरली नाहीत, तर ताण हाताबाहेर गेला. आज ती सावरली होती. अजून दोन दिवस पाणी नको.