नवा टायर व जुनी ट्यूब

(वाचावयाचे भाग: अनुवाद २५:१३-१६, मत्तय १८:१५-१७, मत्तय ५:२३, २४)



पिशवींत जड व हलकें अशीं दोन वजनें बाळगण्यास नियमशास्त्रांत जी मनाई केली आहे, ती वाचतांना आपल्यांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बाजारचा वाणी उभा राहतो. आमच्याही पुढें तोच उभा राहत असे. आमच्या पिशवींत वजनें कोठलीं? तींत गीतांचें पुस्तक, शास्त्र आणि फडक्यांत बांधलेली भाकरी. गेल्या पावसाळ्यांत आमच्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकानें आमचा हा समज मोडला. ती हकीकत सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. परंतु ज्या उपदेशक बंधूंस रविवारीं तीन तीन गांवें गांठावीं लागतात त्यांच्या उपयोगी ती पडेल, म्हणून सांगतों.

मागचा टायर पुढच्यापेक्षां लवकर झिजतो, कारण ओझें पुष्कळसें त्याच्यावर आणि गाडी ढकलण्याचें कामही त्याचेंच. टायराच्या कडेवर एक लहान त्रिकोण किंवा टी. डब्ल्यू. आय. हीं अक्षरें असतात. त्यांच्या रेषेंत पाहिलें असतां खांचांच्या तळाशीं रबराचा बारीक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीस आला म्हणजे त्याचें आयुष्य सरलें. आमच्या टायराचें तें केव्हांच सरलें होतें. जून महिन्याच्या आरंभीं आम्ही तालुक्याच्या गांवीं एका गॅरेजांत गेलों. तेथील मिस्त्री आमच्या मंडळींतला. आपलाच माणूस म्हटल्यावर भाव विचारणें नाहीं, बिल मागणें नाहीं. नवा टायर व नवी ट्यूब घालण्याचें ठरलें. मजुरी त्यानें सांगितली तींतून, देवाच्या कामाची गाडी आहे असें सांगून, आम्हीं शंभर रुपये कमी करविले. मग आम्ही बाहेरच्या बांकावर चहा पीत वर्तमानपत्र वाचीत बसलों. आंत काय चाललें आहे हें पाहण्यास एकदांही उठलों नाहीं.

पुढें एका रविवारीं पहिली उपासना आटोपून दुसऱ्या गांवीं निघालों. त्या गांवीं एक वृद्ध भगिनी अंथरुणास खिळलेली होती. तिनें मुलाकडून दोनदां निरोप पाठविला होता कीं, पाळकसाहेबांनीं येतांना प्रभुभोजन घेऊन यावें. चढावर गाडीचें मागलें अंग साप चालावा तसें हलूं लागलें. उतरून पाहतों तों चाक बसलेलें. पावसांत, चिखलांत, दीड कोस गाडी ढकलीत आम्ही फाट्यावरच्या पंक्चरवाल्यापाशीं आलों. त्यानें टायराची कड उचलली, ट्यूब ओढून काढली आणि कांहीं न बोलतां आमच्यापुढें धरली. तिला तीन ठिगळें होतीं. एक उष्णतेनें सुटलें होतें. शिवाय रिमच्या आंत तारांच्या टोंकांवरून जो रबरी पट्टा बसवितात तो मुळीं नव्हताच. तारांचीं टोंकें ट्यूबेस घांसून ती जागोजागीं पातळ झाली होती. टायर मात्र खरोखर नवा होता. त्या गृहस्थानें सायकलच्या जुन्या ट्यूबेची पट्टी कापून रिमवर बसविली, छेद बुजविला, आणि आम्हीं दिलेल्या पैशांतून आपल्या कामापुरते ठेवून बाकीचे परत केले. पट्टीचे घ्या म्हटलें, तर टाकाऊच होती म्हणाला.

आम्ही पोहोंचलों तेव्हां मंडळी पांगली होती. आजारी भगिनीच्या घरीं गेलों. सकाळीं ती उठून बसली होती, धुतलेलें लुगडें नेसली होती, असें तिच्या सुनेनें सांगितलें. आतां तिला ग्लानि आली होती. आम्हीं हांक मारली, पण तिनें ओळख दिली नाहीं. आम्हीं प्रार्थना केली आणि भाकर व प्याला जसाचा तसा परत नेला. मंगळवारीं ती प्रभूमध्यें निजली.

त्या आठवड्यांत आमच्या मनांत काय चाललें होतें तें लपविण्यांत अर्थ नाहीं. पुढल्या रविवारचा उपदेश आम्हीं मनांत रचूनही टाकला. विषय खोटें माप. नांव घ्यावयाचें नाहीं, परंतु सर्वांस कळेल असें बोलावयाचें. व्यासपीठावरून दगड मारणें फार सोपें असतें, कारण तेथें उलट उत्तर देणारा कोणी नसतो. परंतु प्रभूनें लावून दिलेली रीत निराळी आहे. भावानें अपराध केला तर आधीं तूं व तो एकटे असतांना सांग; न ऐकेल तर एकदोघांस सोबत ने; मंडळीपुढें शेवटीं. ही पायरी गाळून वरची धरण्याचा अधिकार पाळकासही दिलेला नाहीं.

येथें एक गोष्ट मध्येंच सांगतों. एकट्यानें जाऊन सांगणें म्हणजे मुकाट्यानें सोसणें नव्हे. विश्वासणाऱ्यांनीं आपसांत न्यायसभेकडे जाऊं नये असें पौलानें करिंथकरांस लिहिलें, म्हणून बिल मागणेंही कित्येकांस पाप वाटतें. बिल हें भांडण नव्हे. तें भांडण होऊं नये म्हणूनच असतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें विकलेल्या मालाचें व केलेल्या कामाचें बिल न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कोणी दुकानदार ऐकेचना, तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकास तक्रार सांगतां येते, आणि जिल्ह्यास ग्राहक आयोग आहे. तेथें जावें लागूं नये, परंतु तें आहे हें गांवच्या मनुष्यास ठाऊक असावें.

असो. सोमवारीं दुपारीं, दुकानांत गिऱ्हाईक नसतांना, आम्ही गेलों. ती ठिगळांची हकीकत सांगितली. प्रथम तो म्हणाला, हाताखालच्या पोरानें चूक केली असेल. आम्ही गप्प राहिलों. मग पाना खालीं ठेवून तो म्हणाला, "पाळकसाहेब, खोटें कशाला बोलूं? ट्यूब मीच घातली. तुम्हीं त्या दिवशीं शंभर रुपये कमी केले. दिवाळीपूर्वीं चेनसेट बसविला, त्याचे साडेचारशें बाकी आहेत. नाताळ झाला, ईस्टर झाला. दुसरा कोणी असता तर दारांत उभा राहून मागितले असते. तुमच्याजवळ मागायला जीभ उचलेना. मग ते असे वळते करून घेतले."

बंधूंनो, चोरी ती चोरीच. ती आम्हीं त्याच्यापुढें चोरीच म्हटली, आणि त्यानेंही नाहीं म्हटलें नाहीं. परंतु आम्ही मत्तयाचा अठरावा अध्याय हातीं घेऊन त्या दुकानांत शिरलों होतों, आणि तेथें उभ्या उभ्या आम्हांस पांचवा अध्याय आठवला. वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें स्मरण झालें, तर दान तेथेंच ठेवून आधीं त्याची समजूत घालावी. आम्हांस स्मरणही झालें नव्हतें! आठ महिने आम्हीं प्रभुभोजनाची भाकर मोडून त्याच माणसाच्या हातीं दिली, आणि त्याची मजुरी आमच्या खिशांत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ राहूं देऊं नये असें लेवीयांत सांगितलें आहे. किराणा दुकानदाराचा हिशेब आम्हीं दर महिन्याच्या पांच तारखेस चुकता करीत होतों, कारण तो परका, उधार बंद करील ही भीति. मिस्त्री आपला, म्हणून थांबेल. "आपला माणूस" या दोन शब्दांतच तें दुसरें वजन होतें, आणि तें आमच्याच पिशवींत निघालें.

या धंद्यांत हिशेबाची भानगड आरंभापासूनचीच म्हणावी लागेल. हवेच्या टायराचें श्रेय बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यास देतात; त्यानें मुलाच्या तीनचाकीसाठीं तो केला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. परंतु रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच तसें पेटंट घेतलें होतें हें मागाहून उघडकीस आलें, आणि डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. त्यास आधीं तें ठाऊक नव्हतें. आम्हांस तर आमची बाकी ठाऊक होती.

मिस्त्रीनें चाक उतरविलें. या खेपेस आम्ही बांकावर बसलों नाहीं. नवी ट्यूब खोक्यांतून आमच्यादेखत काढविली. ट्यूबेवर व टायरावर आय. एस. आय. ची खूण पाहिली. टायराच्या कडेवर चार आंकडे होते, ४७२४. पहिले दोन आठवड्याचे व पुढले दोन वर्षाचे, म्हणजे टायर २०२४ च्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यांत तयार झालेला, हें त्यानेंच आम्हांस समजावून सांगितलें. कडेवरील बाण चाक फिरतें त्या दिशेस ठेविला. रिमला नवा पट्टा घातला. ट्यूबेंत थोडी हवा भरून मग ती आंत बसविली, म्हणजे पट्टीखालीं ती चिमटत नाहीं. चाक चढविल्यावर हातानें फिरवून ब्रेक लागतो कीं नाहीं, चेन फार ताणलेली किंवा फार सैल तर नाहीं, हेंही त्यानें पाहिलें. नवें रबर प्रथम गुळगुळीत असतें, म्हणून नव्या टायरावर पहिले शेंदीडशें किलोमीटर वळणावर जपून जावें, हें जूनमध्येंच सांगावयास पाहिजे होतें, असें तो म्हणाला. जुनी ट्यूब आम्हीं मागून घेतली. ती घरीं खुंटीवर आहे.

काम चाललें असतां त्यानें मान वर न करतां विचारलें, "त्या आजीबाईंकडे तुम्ही त्या दिवशीं पोहोंचलां होतां ना?"

ही गोष्ट त्यास सांगावयाची नाहीं असें आम्हीं घरून ठरवून निघालों होतों. परंतु त्यानें विचारलें, म्हणून सांगितली. बराच वेळ तो चाकाचा नट आवळीत राहिला. तो आधींच आवळलेला होता.

नव्या ट्यूबेचे पैसे तो घेईना. ते जूनमध्येंच दिले होते, तेव्हां आम्हींही आग्रह केला नाहीं. मजुरी या वेळीं पुरी दिली, जूनमध्यें कमी केलेले शंभरही दिले, आणि त्यानें बिल लिहिलें. त्यांत टायरावरचे चार आंकडेही घातले. मग चेनसेटचे साडेचारशें आम्हीं निराळे काढून त्याच्या हातावर ठेविले. ते त्यानें दोनदां मोजले.