वही कोणाच्या हातात?

माझी आजी वीटभट्टीवर जायची. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टी गाठायची आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर हिशेब. किती हजार विटा पाडल्या ते तिला तोंडपाठ असायचं. मालकाच्या वहीत आकडा कमीच भरायचा. भांडणात वही जिंकायची. आजी अंगठा उठवून कसाऱ्याला परत यायची.

लेखनाचा शोध कविता किंवा प्रार्थना टिकवायला लागला असेल, असं मला लहानपणी वाटायचं. पण इराकमधल्या उरुक इथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व ३३०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर बहुतेक हिशेबच आहेत: सातू, बिअर, मेंढ्या, मजुरांचा शिधा. गोष्टी फार नंतर आल्या.

लांब कशाला, आपल्या मुरबाडहून नाणेघाट चढा. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दान दिले, ते आकड्यांत कोरलंय. राजघराण्याचे पुतळे नष्ट झाले, त्यांच्यावरची नावं उरली. ते आकडे ज्यांनी छिन्नीने कोरले, त्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

मग लेखन हे मालकांचंच हत्यार का? मला तसं वाटत नाही. वही नसती तरी आजीच्या शब्दापुढे मालकाचाच शब्द चालला असता. प्रश्न लिहिण्याचा नाही, ताळा कोण करू शकतं याचा आहे. लेखनाच्याही आधी पश्चिम आशियात लोक मातीचा पोकळ गोळा करून त्यात मोजणीचे छोटे खडे ठेवत आणि वरून शिक्के उठवत. वाद झाला तर गोळा फोडून दोघांसमोर मोजता यावं, यासाठी ही सोय असावी असं अभ्यासक मानतात. अक्षर न येणाऱ्यालाही खडे मोजता येतात. आजीला असा एक गोळा हवा होता.

आता माझंच सांगतो. गेल्या वर्षी मी गोदामातल्या कामगारांच्या हजेरीचं ॲप लिहिलं. सुपरवायझर त्यात तास बदलू शकतो. बदल कोणी, कधी केला, हे डेटाबेसमध्ये राहतं, पण कामगाराच्या स्क्रीनवर दिसत नाही. ‘ते नंतर बघू,’ असं मीटिंगमध्ये ठरलं. मीही मान डोलावली.

परवा लोकलमध्ये समोरचा एक मुलगा तसंच कुठलंसं ॲप उघडून बोटांवर तास मोजत होता. दोनदा मोजले, मग फोन खिशात टाकला.

ऑफिसात पोचल्यावर मी ते राहिलेलं काम पुन्हा यादीत टाकलं. या वेळी खाली माझं नाव लिहिलं.