कान्होबाच्या वाट्याची खते

मिरा-भाईंदरच्या पेणकरपाड्यात खोली घेणारा भाडेकरू बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर येतो. दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते, भाडे जरा आवाक्यात येते, म्हणून तो इथे टेकतो. करार संपला, मालकाने भाडे वाढवले की पुढचा मुक्काम नायगाव, नाहीतर नालासोपारा. टेम्पोत कपाट जाते, गॅसची शेगडी जाते. गल्लीतल्या किराणा दुकानातले खाते तेवढे मागे राहते. वहीत त्याचे नाव असते, कधी तर नावही नसते: ‘दुसरा माळा, रिक्षावाले’ एवढीच खूण आणि पुढे आकडा.

असे दुकान टाकायला कागदपत्रांचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की भागते. खरी परीक्षा सुरू होते ती समोरचा जेव्हा म्हणतो, “शेठ, लिहून ठेवा, पगार झाला की देतो.” भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते आणि तिच्याच खाली, गल्ल्याशेजारी, उधारीची वही. ही विसंगती दुकानदाराला ठाऊक असते. पाटी अनोळखी गिऱ्हाइकासाठी, वही ओळखीच्यासाठी.

पण ओळख म्हणजे किती? धर्माने ऋणाचा जो विचार केला तो एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचा. धर्मशास्त्रात बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पुण्यकर्तव्य. दारू, जुगार अशा कारणांपायी केलेले कर्ज त्यातून वगळलेले. न फेडलेले ऋण पुढच्या जन्मापर्यंत पाठलाग करते ही समजूतही तिथलीच. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हे कर्तव्य मान्य केले आणि ते थेट आपल्या काळापर्यंत टिकले. ९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, तेव्हापासूनच्या कर्जासाठी केवळ या पुण्यकर्तव्याच्या आधारे मुलावर किंवा नातवावर दावा लावता येत नाही. पेणकरपाड्यात या दुरुस्तीची कोणाला खबर असण्याचे कारण नाही. जिथे देणेकरी पुढच्या करारापर्यंत टिकेल याची खात्री नाही, तिथे पुढच्या जन्माचा हवाला कोण धरणार?

मिरा-भाईंदरमध्ये गल्ल्यामागे बसणारे सगळे एका धर्माचे नाहीत, आणि प्रत्येकाच्या घरी देण्याघेण्याच्या प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे. कुराणातले मार्गदर्शन फार व्यवहारी आहे: देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, सोडून दिलेत तर अधिक चांगले, आणि त्याच ओघात, देणे-घेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा तपशीलवार आदेश. दया करा, पण नोंद ठेवून. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच दोष सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन, चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम मोडणे, खोटी मापे, भेसळ. यादी वाचताना वाटते, लिहिणाऱ्याने बाजारपेठेत बराच काळ घालवला असावा.

उधारीवर किराणा दुकानदार सहसा व्याज लावत नाही. म्हणून तो स्वतःला सावकारापेक्षा वेगळा समजतो, आणि ते खरेही आहे. पण बुडालेली उधारी हवेत जात नाही. बिस्किटाच्या पुड्यावर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कायदा आडवा येतो. सुट्या तांदळावर, डाळीवर, साखरेवर मात्र किलोमागे रुपया-दोन रुपये चढवता येतात. म्हणजे रिक्षावाल्याची उधारी फेडते ती रोज रोखीने पाव किलो तूरडाळ नेणारी घरकाम करणारी बाई, आणि तिला कोणी विचारलेले नसते. दुकानदाराच्या औदार्याचा हा भाग कुठल्याही कीर्तनात येत नाही.

कीर्तनात येतात ते तुकोबा. देहूच्या या वाण्याच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, लोकांकडे येणी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली. महिपतीने लिहिलेल्या चरित्रात तुकोबा कोकणात मिरची विकायला जातात आणि गिऱ्हाइकांच्या भरवशावर मापे सोडून देतात, हेही आहे. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. त्याच नदीत नंतर अभंगांच्या वह्या गेल्या आणि परंपरेनुसार तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या. वह्यांसाठी तुकोबांनी धरणे धरले होते, खतांसाठी मात्र कोणी धरले नाही.

या गोष्टीतला एक बारकावा सांगताना बहुतेक वेळा निसटतो. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे भाऊ कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला आणि मगच आपला अर्धा पाण्यात सोडला. क्षमा करायची तर आधी ती रक्कम आपली आहे का हे ठरवायला हवे, इतका चोख हिशेब त्यात आहे. पेणकरपाड्यातल्या दुकानात माल घाऊक व्यापाऱ्याचा असतो, काही दिवसांच्या बोलीवर आणलेला, गाळा भाड्याचा, भांडवलात बायकोचे दागिने. उदार व्हायला त्याच्या हातात स्वतःचे असे किती उरते?

क्षमेची दुसरी अट, वसुली करता येण्याची. महाजनाच्या खताला वजन होते. किराणा वहीतल्या आकड्याला मुदत कायद्याप्रमाणे माल दिल्यापासून साधारण तीन वर्षे मिळतात. देणेकऱ्याने मध्ये लेखी कबुली दिली नाही तर त्यानंतर दावा चालत नाही. साडेआठशे रुपयांसाठी कोर्टात जाणारा दुकानदार तरी कुठे भेटतो! गंमत अशी की १८७२ चा करार कायदा मुदत संपलेले देणेही मेलेले मानत नाही: देणेकऱ्याने ते फेडण्याचे सहीनिशी वचन दिले तर ते पुन्हा वसूल करण्याजोगे होते. वसुलीची वाट बंद होते, ऋण राहते. धर्मशास्त्राची एवढी छटा या रुक्ष कायद्यात उरली आहे.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडते, वर ‘श्री’ येते आणि मागील बाकीतली कोणती नावे पुढे न्यायची हे त्याच रात्री ठरते. मोबाइलवर हिशेब ठेवणाऱ्यालाही हे चुकत नाही. गेलेल्या भाडेकरूचे नाव गाळले तर ती क्षमा नव्हे, नुसता तोटा. ठेवले तर वसुली नाही. आणि इथेच तुकोबांपेक्षा त्यांच्या भावाची आठवण जास्त उपयोगाची वाटते. कान्होबांनी आपल्या वाट्याची खते कशी वसूल केली, कोणाला सवड दिली, याचे कीर्तनकारांना फारसे सोयरसुतक नाही. पण नदीत सोडून देण्याची मुभा नसलेला, घर चालवायचे म्हणून दारोदार जाऊन मागणारा आणि तरी गावात तोंड दाखवायचे असलेला माणूस त्या घरात तोच असावा.