किरणांचा स्पर्श

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत. सूर्याने आईला स्पर्श केला, असं भाविक म्हणतो. दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, यात चमत्कार कसला, असं चिकित्सक म्हणतो. दोघांचंही खरं, पण त्याच क्षणी, जवळजवळ त्याच कोनातून, त्याच सूर्याचं ऊन कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावातल्या पश्चिमेकडच्या भिंतींवरही पडतं आणि तिथे कुणाचे हात जुळत नाहीत. मग गाभाऱ्यात जे घडतं, त्याचं कारण कोणतं?

स्पर्श खोटा नाही. वैशेषिक दर्शनाने तेजाला द्रव्य मानलं आणि स्पर्श हा त्याचा गुण सांगितला. आर्थर अॅश्किन यांनी १९७० साली लेसरच्या झोताने पाण्यातले सूक्ष्म गोळे ढकलून दाखवले. पुढे त्यातूनच आलेल्या प्रकाशीय चिमट्यासाठी त्यांना २०१८चं नोबेल मिळालं. पण काळ्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर भर दुपारच्या उन्हाचा दाब अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाइतकाही नसतो. एवढ्यावर श्रद्धा उभारायची तर ती फारच हलकी व्हायची! मला द्रवस्फटिकातले प्रयोग अधिक बोलके वाटतात. तिथे रेणू एका दिशेने कललेले असतात. लेसर पडला की ती दिशा वळते, रचनेत ताण येतो आणि तो ताणच कणाला झोताकडे ओढतो. ज्याचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवाहून कमी, असा कण साध्या द्रवात झोतापासून दूर लोटला जातो. २००४ साली ल्युब्लियानाच्या संशोधकांनी द्रवस्फटिकात असेच कण पकडून दाखवले. ओढ माध्यमाची, प्रकाश निमित्त. किरणोत्सवातही पश्चिमाभिमुख मूर्ती, ठरलेल्या तारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत आलेली नजर यांनी माध्यम आधीच घडवलेलं असतं.

विज्ञानाचे दाखले देवळाला चिकटवण्याची आपली खोड जुनी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. इथे प्रयोगाने देवी सिद्ध होत नाही. कारण एकच असतं, हा समज तेवढा मोडतो. यात सूर्याच्या स्पर्शाला निव्वळ निमित्त केलं, असं भाविकाला वाटेल. पण लेसर बंद केला की कण त्या ओढीतून सुटतो. निमित्त म्हणजे शून्य नव्हे. तिसरा आक्षेप मात्र मला परतवता येत नाही: एका दिशेने कललेली मनं कुठल्याही झोताने वळतात, आणि प्रत्येक झोत सूर्याचाच असतो असं नाही.