सात दिवसांचं घर

माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर दहा ओळी आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी चातुर्मासात आमच्याकडे आर्यिका माताजी होत्या, तेव्हा मी परिग्रहपरिमाण व्रत घेतलं. शेत, घर, चांदी, सोनं, धन, धान्य, दास-दासी, कपडे, भांडी असा बाह्य परिग्रह दहा प्रकारचा सांगितला आहे. प्रत्येकाची मर्यादा ठरवायची आणि तिच्यापुढे इच्छा जाऊ द्यायची नाही. दुसऱ्या ओळीत मी लिहिलं, 'वास्तू एक. टिळकवाडीतलं राहतं घर.' लिहिताना वाटलं, ही ओळ सगळ्यांत सोपी. दुसरं घर कोण घेतंय!

पुढच्याच वर्षी ह्यांनी टाइमशेअर घेतलं. एका हॉटेलात जेवणाचं आमंत्रण आलं, सोबत भेटवस्तू. गेलो आणि सही करून आलो. थंड हवेच्या ठिकाणी दरवर्षी सात दिवस खोली आपली, पंचवीस वर्षं. वर दरवर्षी देखभालीचा खर्च. घरी आल्यावर मी वही काढली. म्हटलं, "अहो, हे दुसरं घर झालं की!" हे म्हणाले, "घर कुठलं? सात दिवसांची झोप आहे ती."

मला ते उत्तर पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. माणूस सोयीच्या उत्तराला फार प्रश्न विचारत नाही.

ही कल्पना 1960 च्या दशकात युरोपात निघाली. डोंगरातल्या हॉटेलांत दरवर्षी खोली मिळेना, मिळाली तर परवडेना, म्हणून लोकांना खोलीऐवजी खोलीतला काळच विकायला काढला. अख्खं घर ज्याला झेपत नाही त्यानं घराचा एक आठवडा घ्यावा. एका खोलीला वर्षात जितके आठवडे, जवळजवळ तितके मालक. मग दरवर्षी त्याच डोंगरावर जाऊन लोक कंटाळले, तेव्हा अदलाबदल सुरू झाली. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय ही कंपनी त्यासाठीच निघाली. आपला आठवडा एका सामाईक कोठारात ठेवायचा आणि दुसऱ्या कुणीतरी ठेवलेला उचलायचा. गर्दीच्या हंगामाचा आठवडा जड, पावसाळ्यातला हलका. आपल्या बाया जुन्या साड्या देऊन भांडी घेतात, तसंच हे. फक्त इथे साडी दिसत नाही आणि भांडंही दिसत नाही.

तर अशी अदलाबदल करून मुलानं आमच्या डोंगरावरच्या आठवड्याचा दक्षिण गोव्यातला, समुद्राकाठचा आठवडा मिळवला. नोव्हेंबरातला. आम्ही दोघं, मुलगा, सून, नात आणि माझ्या थोरल्या जाऊबाई असे सहाजण. निघायच्या दोन दिवस आधी निपाणीहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरली होती, मनगट मोडलं होतं. "प्लास्टर घातलंय, काळजीचं काही नाही अक्का," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण तुझं नाव काढतीया."

बेळगावहून निपाणी दीड तासाचा रस्ता. गोवा दुसऱ्या दिशेला. आता रद्द केलं तर आठवडाही जाणार आणि अदलाबदलीची फीही. मुलगा म्हणाला, "आई, तू सांगशील तसं." सून काही बोलली नाही, पण नातीची बॅग भरून दाराशी उभी होती. ह्यांनी विचारलं, "प्लास्टर घातलंय ना? मग परत येताना जाऊ. आठवडा वाया जाईल." आणि मी 'हो' म्हटलं. त्या घरात 'नको' म्हणण्याचा अधिकार मला होता, हे मुलानं सांगितलंही होतं. तरी मी 'हो' म्हटलं.

चोर्ल्याचा घाट उतरताना मी काही बोलले नाही.

खोली छान होती. लहानसं स्वयंपाकघरही होतं, त्यामुळे पाणी गाळून घेणं, कांदा-लसूण-बटाटा टाळणं जमत होतं. अडचण वेगळीच आली. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, आणि समुद्राकाठी सगळं जग सूर्यास्त बघायला जमतं. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. सगळे वाळूत उभे आणि जाऊबाई नि मी पाच वाजल्यापासून पोळ्या लाटतोय! तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजी, डबा घेऊन जाऊया ना." मग डबा भरून वाळूत बसून जेवलो. शेवटचा घास झाला, हात धुतले आणि सूर्य टेकला. व्रतही राहिलं, सूर्यास्तही मिळाला. मला फार बरं वाटायला हवं होतं.

खोली झाडायला एक बाई यायची. बोलण्यावरून मी ओळखलं. "कुठल्या गं तुम्ही?" "खानापूरकडची की हो, बाई." मग रोज दोन शब्द होऊ लागले. एकदा चादर बदलताना ती म्हणाली, "आठ वर्षं झाली हितं. ह्या खोलीत किती माणसं बघितली! समदी जाताना म्हणत्यात, आमची खोली नीट ठेवा हां."

ती गेल्यावर मी त्या पलंगाकडे बघत बसले. आमची खोली म्हणजे कुणाची? मागच्या आठवड्यात कोण होतं ठाऊक नाही, पुढच्या आठवड्यात कोण येणार ठाऊक नाही. आमच्या डोंगरावरच्या खोलीत त्या क्षणी कोणी तिसराच झोपला असेल आणि तोही 'आमची' म्हणत असेल. वर्षभर तिथे राबणाऱ्या बाईची मात्र ती एक दिवसही नाही.

समंतभद्राचार्यांनी भोग आणि उपभोग असे दोन भेद केले आहेत. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र, घर. टाइमशेअर यांतलं काय? गेलेला आठवडा खाल्लेल्या घासासारखा संपतो. पण पुढच्या वर्षी तोच आठवडा पुन्हा ताटात येतो. मला वाटतं, त्याची गोडीही यातच आहे आणि फासही यातच आहे. घर रिकामं राहिलं तरी घर उरतं. आठवडा वापरला नाही तर उरत नाही. म्हणून घरापेक्षा आठवडा आपल्याला जास्त पळवतो. घराला कुलूप लावून आईकडे जाता येतं. आठवड्याला कुलूप लागत नाही.

गंमत म्हणजे काळाची अशी वाटणी आपल्या लोकांना नवी नाही. जन्मभराच्या त्यागाला यम म्हणतात आणि ठरावीक काळापुरत्या त्यागाला नियम. ज्याला जन्मभर झेपत नाही त्यानं एक दिवस, एक पंधरवडा, एक महिना सोडून बघावं. सामायिक तर अठ्ठेचाळीस मिनिटांचंच. संसारी माणसाला परवडावं म्हणून त्यागाचे हप्ते पाडून दिले. टाइमशेअरवाल्यांनी तेच केलं, फक्त मालकीचे हप्ते पाडले. आपली कुवत ओळखणं दोन्हीकडे आहे. पण थोडा वेळ सोडलं की मूठ सैल व्हायची सवय लागते, आणि थोडं थोडं धरलं की मूठ आवळायची. निदान माझं तरी तसं झालं.

परिग्रहाची व्याख्या तत्त्वार्थसूत्रात वस्तूंच्या मोजणीवर नाही, मूर्च्छेवर केली आहे. मूर्च्छा म्हणजे ममत्व, माझंपणाची गुंगी. लहानपणापासून पाठशाळेत ऐकलेला शब्द. ह्यांची सात दिवसांची झोप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माणसं मर्यादेतून कशा पळवाटा काढतात, हे आचार्यांना ठाऊक होतं. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात अशी पळवाट आहे: दोन घरांमधली भिंत पाडायची आणि म्हणायचं, घर एकच आहे. तो व्रताचा अतिचार सांगितला आहे. आम्ही उलटं केलं. एका घराचे तुकडे केले आणि म्हटलं, हा तर घरच नव्हे.

कुणी म्हणेल, कुटुंब एकत्र आलं, नातीला समुद्र दिसला, यात वाईट काय? काहीच नाही. तो आनंद खरा होता आणि मी तो नाकारणार नाही. भाड्याची खोली असती तरी आम्ही गेलो असतो का? कदाचित गेलो असतो. पण मला वाटतं, भाड्याची खोली मी रद्द केली असती. इथे 'माझं वाया जाईल' हे आड आलं, आणि त्या एका वाक्यासमोर आईचं बोलावणं हलकं ठरलं.

परतताना थेट निपाणीला गेलो. आई कॉटवर बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. रागावली नाही. नातीला जवळ घेतलं आणि मला विचारलं, "समुद्र कसा होता गं?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "तुला बघून वाटतंय, मजा आली नाही." त्यावर मात्र मी रडले.

आता त्या वहीत दुसऱ्या ओळीखाली मी लिहिलं आहे, 'आणि सात दिवस.' मर्यादा मोडली ती मोडली, निदान लपवायची नाही. यंदाचा आठवडा भाचीला दिला, नवं लग्न झालंय तिचं. हे हसले, म्हणाले, "सुटलीस?" मीही हसले. पण ती तिकडे पोचल्यावर संध्याकाळी फोन करून मी तिला पहिलं काय विचारलं असेल? "खोली नीट आहे ना गं आपली?"