मुलांचा कल : पालकांकडील अमानत

वसईजवळच्या आगाशीची सुकेळी आपण चाखली असतील. त्यांच्यासाठी राजेळी जातीची केळी निवडली जातात. सोळाव्या शतकात याच गावात इमारती लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी भरभराटीला आली होती. जहाज बांधणाऱ्याला तर लाकडाची पारख असावीच लागते. केळे आणि लाकूड इतक्या काळजीने पारखणारे आपण, दहावीचा निकाल लागताच मुलाला न विचारता त्याची शाखा ठरवून मोकळे होतो. हा केवळ व्यवहाराचा प्रश्न आहे काय?

दिव्य कुरआनात (17:84) प्रत्येकजण आपापल्या प्रकृतीनुसार वागतो, या आशयाचे वचन आहे. त्याचा मूळ रोख कर्मांच्या जबाबदारीकडे आहे. तथापि माणसांच्या प्रकृती भिन्न असतात, हेही त्यातून उमगते. ही भिन्नता अल्लाहने दिली असेल, तर मुलाचा कल ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे. ती अमानत आहे.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा हजरत जैद बिन साबित (रजि.) अवघे अकरा वर्षांचे होते. त्यांना कुरआनच्या अनेक सूरह मुखोद्गत असल्याचे पाहून प्रेषितांना आनंद झाला. त्यांनी जैद यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि सुमारे पंधरा दिवसांत जैद यांनी ती आत्मसात केली. पुढे हेच जैद दिव्य प्रकटनाचे लेखनिक झाले आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन संकलनाचे महान कार्य त्यांच्यावर सोपविले गेले. येथील क्रम लक्षात घ्या : आधी गुण पाहिला, मग त्याला साजेसे काम दिले, आणि ते काम समाजाच्या गरजेचे होते.

शाळेने नेमके हेच करावयास हवे. महाराष्ट्रात 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. परंतु एका चाचणीने माणूस कळत नाही आणि दहा दिवस केवळ सहलीत गेले तर व्यर्थ होत. आगाशीच्या मुलामुलींनी त्या दिवसांत सुकेळी वाळविणाऱ्यांजवळ बसावे, अर्नाळ्याच्या बंदरावर होडीची डागडुजी पाहावी, दवाखान्यातील प्रयोगशाळेत जावे. जे कधी पाहिलेच नाही, त्याची ओढ कशी लागणार?

येथे पालकांची शंका रास्त आहे : मुलाची प्रत्येक हौस पुरवावी काय? नाही. हौस आणि कल यांत भेद आहे. श्रमाची वेळ आली की हौस ओसरते; कल मात्र श्रमातही टिकतो. शिवाय ते काम हलाल असावे, लोकोपयोगी असावे आणि घराच्या परिस्थितीचे भान मुलानेही ठेवावे. ज्या पित्याने कर्ज काढून शुल्क भरले, त्याची चिंता हा अपराध नव्हे. परंतु आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या खांद्यावर लादणे, किंवा मुलीचा कल विचारण्याजोगाही न मानणे, ही अमानतीत खयानत आहे.

प्रत्येकजण आपल्या अधीन असलेल्यांचा राखणदार आहे आणि त्याला त्यांच्याविषयी जाब द्यावा लागेल, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलाजवळ बसा. कोणते काम थकवा आला तरी सोडवत नाही, हे त्याला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका.