बावखल बुजले, गोष्टही गेली



१ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा निर्मितीसाठी विशेष प्रार्थना करते. त्या निमित्ताने आज एक घरगुती गोष्ट सांगतो.

आमच्या वाडीत बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि विहीर उन्हाळ्यातही गोड राहायची. समुद्र जवळ असूनही केळी, पानवेल तगली ती या गोड्या पाण्यावर. संध्याकाळ झाली की आजी आम्हा मुलांना सांगायची, 'तिकडे जाऊ नका रे, पाण्यात भूत आहे!' आम्ही घाबरायचो. पण त्या गोष्टीमुळे एकही मूल खोल पाण्यात पडले नाही आणि बावखलात कुणी कचराही टाकला नाही.

पुढे मी सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान शिकलो. सुट्टीत घरी आल्यावर आजीला मोठ्या ऐटीत म्हणालो, 'आजी, भूतबीत काही नसतं.' ती हसली व म्हणाली, 'बरं बाबा.' काही वर्षांनी भावाने घरासाठी बावखलात भरणी केली. मी धर्मगुरू झालो होतो. नव्या घराला मीच आशीर्वाद दिला. पायाखाली काय गाडले गेले, याबद्दल चकार शब्द काढला नाही. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा त्याच घराच्या ओट्यावर पाणी चढले. एका बावखलाने तो पूर अडला नसता, हे मला कळते. पण अशी किती बावखले आपण बुजवली?

बंधू-भगिनींनो, भुताची भीती गेली हे चांगलेच झाले. आपला विश्वास जिवंत देवावर आहे. चूक अशी झाली की भीतीबरोबर आपण आदरही घालवला आणि रिकाम्या जागी श्रद्धा न आणता जमिनीचा भाव आणून ठेवला. आजीच्या गोष्टीत भूत खोटे होते. पण 'हे पाणी आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही' हे त्यातले सांगणे खरे होते. उत्पत्तीच्या पुस्तकातही तेच आहे. देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आपण मशागतीचा हक्क घेतला, राखणीचे विसरलो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, देवाचा चांगुलपणा एकाच जीवात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एकाला जे दाखवता येत नाही, ते दुसरा दाखवतो. म्हणजे बावखलाकाठचा बेडूक, खंड्या, पाणकोंबडी हीसुद्धा देवाविषयी काही सांगत असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुन्हा मांडला. प्रभू येशूनेही आकाशातली पाखरे आणि रानातली फुले पाहायला सांगितले. पण पाहायला ती उरली तर पाहिजेत!

आपली गाणीही या पाण्याशीच बांधलेली आहेत. लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचे, बायकांनी गाणी म्हणायची. आता विहिरीवर जाळी आणि पंप बसला आहे. सीडी लावून गाणे वाजते, पण नळापाशी उभे राहून ते कुणासाठी गायचे? रहाट गेला तसे रहाटाचे शब्दही गेले. जुने दिवस परत आणा, असे मी म्हणत नाही. बैलामागे फिरणाऱ्याचे कष्ट मी पाहिले आहेत. पंप राहू दे, पाणीही राहू दे.

आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याचा सण येईल. नव्या भाताची कणसे आपण वेदीवर आणू. त्याआधी दोन गोष्टी करूया. ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे, त्यांनी भरणीचा विचार आला तर घाई न करता आधी घरात बसून प्रार्थना करावी, वडीलधाऱ्यांना विचारावे. आणि ज्या आज्यांना जुनी गाणी, गोष्टी येतात, त्यांनी नातवंडांना बावखलाकाठी नेऊन त्या सांगाव्यात. भुताच्या जागी देवाचे नाव घ्या, म्हणजे झाले.

माझी आजी आज असती तर तिला म्हटले असते, 'आजी, तुझंच खरं होतं.' ते राहून गेले. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

निर्माणकर्ता पिता आपणा सर्वांना राखणदाराचे मन देवो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू